दार आपटल्यावर सतार वाजते

५ जानेवारी, संध्याकाळी ६.४०
आयुष्य बदललं. मिनिटासकट नोंदवतोय, पुढे मुलाखतीत विचारतील. चौथ्या मजल्यावरच्या सईने जर्मनीला परत जाताना तिची दुसरी सतार आमच्या घरी ठेवली. तिचे आईबाबा नाशिकला गेले, फ्लॅट भाड्याने दिला, हे जगाला सांगायचं कारण. खरं कारण मी. सांभाळा म्हणताना मात्र बघत होती बाबांकडे. लाजली असणार.
सई सव्वीस, मी एकवीस. पाच वर्षं म्हणजे काहीच नाही.

६ जानेवारी
म्युनिकमध्ये सई गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते आणि सतारही वाजवते. पहाटे उठून पन्नास मिनिटं रियाज, तोही तारांखाली रुमाल खुपसून, कारण खालची म्हातारी काठीने छत ठोकते. मग दिवसभर ऑफिस. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोघांपैकी एकाने तरी संगीताला पूर्ण वेळ द्यायला हवा. म्हणूनच मी गेल्या वर्षी इंजिनिअरिंग सोडलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, आता कळलं.
संकल्प: पहाटे चार ते आठ रियाज. रोज.

७ जानेवारी, सकाळी ९.५०
उद्यापासून.

१९ जानेवारी
पहिला रियाज. वीस मिनिटं. उजव्या बोटात ती तारेची नखी घालतात, ती इतकी घट्ट की बोट जांभळं. बाबा म्हणाले, हळू रे मेल्या, तार तोडशीत. मी म्हणालो, रिटायर्ड लिफ्ट मेकॅनिकने मला सतार शिकवू नये, भजनात पेटी वाजवली म्हणून काय झालं! आणि दार आपटून निघालो. बाहेरून ऐकलं. आत सतार एकटीच झणझणली, कोणी हात न लावता. तीही माझ्या बाजूने आहे.
बोट बरं होईपर्यंत विश्रांती.

१४ फेब्रुवारी
बोट बरं आहे, पण घाई नको. सईला गुलाबाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, सतारीवर ऊन येत नाही ना? माझी काळजी थेट घेता येत नाही म्हणून सतारीच्या नावाने.
बाबांच्या डाव्या बोटाला पट्टी. म्हणे भेंडी चिरताना लागलं. रिटायर झाल्यावर माणूस काय काय करायला लागतो.

३ एप्रिल
गोरेगावच्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची नोकरी. दहा ते सात. तात्पुरती. आता सई आणि मी सेम टू सेम: कला आणि टेक्नॉलॉजी.

२२ मे, सकाळी
सतारीवरून सहज हात फिरवला. सगळ्या तारा सुरात! मी जानेवारीपासून एक खुंटी पिळलेली नाही. सईला कळवलं, तुझी सतार माझ्याकडे एकदम सुरात आहे. ती म्हणाली, माहितेय. माहितेय!! म्युनिकमध्ये बसून! ह्याला काय म्हणतात ते लिहीत नाही, नजर लागेल.
खोबरेल संपलं म्हणून आई बाबांवर ओरडत होती. डोक्यावर केस किती, तेल किती.

९ जुलै
जर्मनचा क्लास लावला. सरांनी विचारलं, का शिकायचंय? म्हणालो, खाजगी कारण आहे. फॉर्मवर लिहावं लागेल म्हणाले. नाही लिहिणार, म्हणालो. दार आपटलं. काचेचं निघालं. थोडक्यात वाचलं.
जर्मन घरीच शिकेन. ॲप आहे.

३० ऑगस्ट
तिसऱ्या मजल्यावरच्या वसुधाकाकूंनी लिफ्टमध्ये गाठलं. काय गोड वाजतं रे तुमच्याकडे, चारचा चहा टाकते आणि कान लावून बसते! चारला मी गोरेगावात कुणातरी नवरीला स्लो मोशनमध्ये रडवत असतो. पण काकूंचं मन कशाला मोडा? नम्रपणे म्हणालो, अजून खूप शिकायचंय.

१२ ऑक्टोबर
बातमी! २१ डिसेंबरला मुलुंडला सईचा कार्यक्रम. आपल्याकडचीच सतार वाजवणार. मागे तानपुऱ्यावरही आपल्याच घरातलं माणूस बसवणार म्हणाली, पण आधी बोट बघेन, रियाजाचा घट्टा असेल तरच स्टेजवर. दीड तास, तिच्या मागे, भरल्या हॉलसमोर. मला आयुष्यात एवढंच हवंय. आमचं लग्नच ते जवळजवळ.
मोरपंखी सिल्कचा कुर्ता घेतला. खांद्यात ढगळ आहे. रियाजाने भरतील खांदे.

८ डिसेंबर
घट्टा नाही. डाव्या तर्जनीवर तारेची काळी रेघ पडायला हवी. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेवर अर्धा तास बोट घासलं. आई म्हणाली, तार पुसतोयस? थांब, फडका देते.

२० डिसेंबर
सई आली. माझं बोट हातात घेतलं. (पहिला स्पर्श. ११.१०.) दाबून बघितलं. म्हणाली, कसलं मऊ आहे रे सुयोग, क्रीम कुठलं लावतोस? मग म्हणाली, काका, तुमचं?
बाबांनी खोबरेलाचा हात लुंगीला पुसून बोट पुढे केलं. दोन काळ्या रेघा. खोल.
आठवड्यातून तीनदा. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या रिकाम्या मीटिंग रूममधून, डबा खात खात ती बाबांना व्हिडिओवर शिकवत होती. आमच्या चार वाजता. नोकरीआधी मी तेव्हा नाक्यावर चहा पीत असायचो. अकरा महिने. वर म्हणते, काकांमुळे माझाच रियाज टिकला, नाहीतर त्या ब्रेकच्या डेडलाइनमध्ये सतार सुटलीच असती.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं? बाबा खाली बघत म्हणाले, तू तापशीत म्हणान. तिना इतक्या विश्वासान दिल्यान, नुसती ठेवून गंजवू? लिफ्टची दोरी पण रोज बघूची लागता.
मी तापत नाही हे दाखवायला दार आपटून बाहेर गेलो. सतार झणझणली. आतून सई हसली. म्हणाली, व्वा काका, खालच्या तारा काय जुळवल्यात! दार आपटलं तरी सगळ्या बोलतात.
म्हणजे जानेवारीतही तेच. माझी बाजू वगैरे काही नव्हती.

२१ डिसेंबर, दुपारी ३, जिन्यात
निर्णय झाला. घर सोडलं. कायमचं. बॅगेत चार्जर, टॉवेल, ही वही. मुलुंडला जाणार नाही.
निघताना हॉलमध्ये शेवटची तालीम चालू होती. बाबांच्या अंगात मोरपंखी कुर्ता. खांद्यात अगदी बरोबर. न विचारता घातला, असं लिहिणार होतो, पण सकाळी विचारलं होतं त्यांनी. मी हं म्हणालो होतो.
दारात उभा राहून जाहीर केलं, मी चाललो. आई म्हणाली, साडेचारला टॅक्सी आहे, त्याच्या आत ये. बाबांनी ऐकलंच नाही. डोळे मिटून तानपुरा छेडत होते. चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस. असा चेहरा त्यांचा मी कधी बघितला नव्हता.
मग सईने मान वर केली. थेट माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता म्हणेल.
म्हणाली, सुयोग, दार जरा हळू लाव हं.
चपला हातात घेतल्या. बाहेर आलो.
हळू लावलं.