गाळलेली दोन गणितं

प्रिय टाचणी,

अक्षर तुझ्या आईचं, राग माझा. ती माझे शब्द मऊ करेल म्हणून शेवटी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेणार आहे, हेही तिच्याच हाताने लिहायला लावलंय. मुरडलं बघ नाक.

परवा फोनवर सांगितलंस ते मला चांगलं कळलं. लाखभर आकडे शोधायचे, एकमेकांत गुंतलेले. याचा त्याच्यावर जेवढा ताण, तेवढा त्याचा याच्यावर नाही. उत्तर एका दमात सापडत नाही, म्हणून अंदाज बांधायचा, किती चुकलं ते बघायचं, सुधारायचं, पुन्हा बघायचं. अगं, चाळीस वर्षं शिवणकारखान्यात मी दुसरं काय केलं? खांदा आवळला की कंबर ओढली जाते. कंबर आवळली तर खांद्याला पत्ताही नसतो. उत्तर शोधायच्या तुझ्या तीन पद्धतींतली एक मागचं प्रत्येक पाऊल लक्षात ठेवते आणि ओझ्याने वाकते, माझ्यासारखी. दुसरीला मागची दोनच आठवतात. भरभर जाते पण धडपडते, तुझ्या बाबासारखी. आणि तिसरी, तुझ्या सरांची लाडकी, दर दहा पावलांनी पाटी कोरी करते. बारा गणितांपैकी दहांत ती पहिली आली, दोनांत जागच्या जागी पाय आपटत राहिली.

सर म्हणाले, ती दोन गणितंच वेडीवाकडी आहेत, निबंधातल्या तक्त्यातून काढ. आणि तू काढलीस. वर मला सांगतेस, आजी, खोटं काहीच लिहिलं नाही. वा गं शहाणे. आमची मुकादमीणही फाटके नग गठ्ठ्यातून काढून मगच साहेबाला गठ्ठा दाखवायची. तिला आम्ही चोर म्हणायचो. सरांना काय म्हणावं ते तुझी आई लिहायला तयार नाही. उद्या कुणीतरी गिरणीचा धूर वाऱ्याने कुठवर जाईल याचं गणित मांडेल, तुझा तक्ता बघून सरांची पद्धत घेईल, आणि ते नेमकं त्या दोनांच्या जातीचं निघेल. महिनाभर डोकं आपटून बिचारा म्हणेल, मीच मठ्ठ.

मीही स्वतःला तसंच म्हटलंय. तू आठ वर्षांची असताना माझ्या पेटीतला पिवळा कागद वाचून दाखवलास, आठवतं? कारखान्याच्या बाईंनी मला सोळाव्या वर्षी पाठवलेलं बोलावणं. तेव्हा माझ्या दादाने एवढंच वाचलं होतं, सोमवारपासून कामावर ये. तू खालच्या दोन ओळीही वाचल्यास: दुपारी तासभर लिहायला-वाचायला शिकवतो, यायचं असल्यास नाव कळव. दादाही खोटं काही बोलला नव्हता. दुपारी इतर मुली पाट्या घेऊन जायच्या आणि मी काजं करत बसायचे. वाटायचं, हुशार मुलींनाच बोलावलं असणार. शनिवारी तुझा निबंध छपाईला जातोय, त्याआधी ती दोन गणितं तक्त्यात घाल. सर चिडले तर खुशाल माझं नाव सांग. म्हणावं, काय ते आजीला पत्राने कळवा. तिला वाचता येत नाही.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी