छापील जेवण

आबा,

काल शेजारची एक नवी लग्न झालेली मुलगी माझ्याकडे आली होती. सांगलीत मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत स्वयंपाक शिकवला, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, ‘आजी, घरच्या घरी पौष्टिक करायचंय. तेलकट नको, मसालेदार नको. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना.’ मी विचारलं, तुझ्या सासूला काय काय करता येतं? ती हसली. ‘त्यांचं काय, त्या नुसत्या अंदाजानं करतात.’ असं म्हणताना तिनं ओठ जरा मुडपले. हुबेहूब तुमच्यासारखे. मी तिला चहा दिला, पुस्तक नाही दिलं. ती गेल्यावर कितीतरी वेळ तुमची आठवण येत राहिली आणि ती आठवण चांगली नव्हती. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नव्हती. आज लिहितेय ते चिडून.

लढाईचे दिवस होते. रॉकेल आणि साखर कार्डावर मिळत होती आणि वडूजच्या अलीकडच्या त्या कोरड्या गावात तुम्ही मास्तर होता. घराण्यातले पहिले फायनल पास. तुमच्या बापानं जन्मभर बाजरी खाल्ली, बाजाराच्या दिवशी मटण खाल्लं आणि म्हातारपणीसुद्धा त्यांनी मोट हाकली. तुम्हाला मात्र शिकल्यावर घरच्या जेवणाची लाज वाटायला लागली. दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. तुम्ही पुण्याच्या दुकानांना कार्डं टाकायचात, ‘आरोग्यदायक गृहपाकाविषयी उत्तम ग्रंथ कोणता ते कळवावे.’ साताऱ्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलंत. मास्तरांच्या सभेला सांगलीला गेलात आणि येताना दोन घेऊन आलात. तिन्ही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातलीत. आईच्या लुगड्याला ठिगळं होती, पण तुमच्या पुस्तकाचा कोपरा कधी दुमडला नाही.

एक पुस्तक कुणा वैद्यांचं होतं, एक कुणा श्रीमंत बाईंचं आणि तिसरं परदेशी डॉक्टरचं म्हणणं मराठीत आणलेलं. पहिलं सांगायचं की कच्चं खाल्लं तर पोटात वात धरतो. तिसरं सांगायचं की शिजवलं तर सगळा कस जातो. तुम्ही दोन्हींखाली पेन्सिलीनं सारख्याच जाड रेघा मारल्या होत्या. मी दहा वर्षांची होते आणि मला ते दिसलं होतं. तुम्हाला दिसलं नाही. तिन्ही पुस्तकांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की आपण जे खातो ते वाईट. मग तुम्ही घरातून मटण काढलंत, अंडी काढलीत, ठेचा काढलात. परसातला शेवगा उभाच होता, पण त्याच्या पाल्याची भाजी बंद झाली, कारण वैद्यबुवांनी ‘रानटी पाला जड’ असं छापलं होतं. तांदुळजा गेला, पाथरी गेली. बाजरीच्या जागी पांढरा भात आला, उकडलेला बटाटा, पडवळ, मुगाचं वरण आणि साबुदाण्याची पाण्यातली खीर. रोज तेच. पुस्तकात दूध, लोणी आणि फळंही होती. तेवढी मात्र आपल्या घरात आली नाहीत. पुस्तक ज्याला नको म्हणायचं ते सगळं तुम्ही पाळलंत आणि जे द्यायला सांगायचं ते सोडून दिलंत.

आईला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही मला चुलीपाशी बसवायचात आणि श्रीमंत बाईंचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायचात. ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही ओसरीवर, आई तांदूळ निवडतेय, आणि मी वाचतेय, ‘आठ बदाम सोलून घ्यावेत.’ आई सुपावर नजर ठेवून म्हणते, ‘सोललं. म्होरं?’ मी वाचते, ‘केशर कोमट दुधात भिजवावे.’ ‘भिजवलं. म्होरं?’ मला हसू आवरत नाही. तीही पदर तोंडाला लावून हसते. तुम्ही ओसरीवरून विचारता, ‘समजलं का गं तिला?’ आणि आई म्हणते, ‘व्हय तर, लय झ्याक समजलं.’ ती तुमची थट्टा करत होती, हे तुम्हाला कधी कळलं का? पण बाहेर ती तुमच्याविषयी एक शब्द ऐकून घ्यायची नाही. ‘आमचं मास्तर शिकल्यालं हायती,’ एवढंच म्हणायची. शिकलेल्या माणसाचा तिला अभिमान होता. मला त्या अभिमानाचीच चीड यायची.

मग तिला पुन्हा दिवस गेले. सहाव्या महिन्याच्या आसपास दिवेलागणीला ती भिंतीला हात लावून चालायला लागली. एकदा तिनं पाण्याचा तांब्या रांजणावर ठेवायला म्हणून हवेत ठेवला. मी पाहिलं, तशी तिनं मला जवळ ओढलं. म्हणाली, ‘ऊन उतरलं की मला दिसंना झालंय. तुझ्या आबास्नी सांगू नगं. आनी एक पुस्तक आणतील.’ तेव्हापासून सांजेला मी तिचे डोळे झाले. परसात जायचं असलं, गोठ्यात जायचं असलं की ती हाक मारायची आणि मी हात धरून न्यायची. महिनाभर आम्ही दोघींनी हे लपवलं. पुढं एका संध्याकाळी तिनं वरण तुमच्या ताटाच्या बाहेर वाढलं आणि तुम्हाला समजलं. तुम्ही रागावला नाहीत. तुमचा चेहरा उजळला! तुम्हाला पुस्तकांत शोधायला काहीतरी मिळालं. जेवण तसंच टाकून तुम्ही तिन्ही पुस्तकं काढलीत. दुसऱ्या दिवसापासून आईच्या डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या आणि जेवणात आणखी पडवळ.

आपल्या बोळाच्या तोंडाशी कल्हईवाल्यांचं घर होतं. त्यांच्या घरातल्या चाचीला सगळा गाव चाचीच म्हणायचा. कल्हई केलेली भांडी पोचवायला ती आली आणि तिनं आईला भिंत चाचपताना पाहिलं. भांडी खाली ठेवून ती सरळ ओसरीवर तुमच्यापुढे येऊन उभी राहिली. ‘आवं मास्तर, हिला रातांधळं झालंय. बकऱ्याचं काळीज भाजून घाला चार रोज. ते नको आसंल तर तुमच्या परसातला शेवग्याचा पाला घाला. आमच्यात समद्या बाळंतिणीला देत्यात.’

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात आणि विचारलंत, ‘हे कुठं छापलंय?’

चाची बघतच राहिली. म्हणाली, ‘छापायचं काय त्यात, मास्तर? काळीज बकऱ्याच्या पोटात आसतं.’

मी आत तोंडात पदर... पदर कुठला, परकराचा बोंगा कोंबून हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. ‘अडाण्यांच्या नादी लागून चालत नाही,’ असं तिच्यादेखत मला म्हणालात. जिच्या नवऱ्यानं कल्हई केलेल्या पातेल्यात तुमचं सात्त्विक वरण शिजत होतं, तिच्यादेखत.  परसाच्या वाटेनं बाहेर जाताना तिनं शेवग्याकडे एकदा नजर टाकली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते झालं. सातवा महिना लागला होता. सांज झाली होती, आई परसातल्या दगडी पायऱ्या उतरत होती, हातात पाण्याची घागर होती. तिची पायरी चुकली. मी त्या वेळी कुठं होते ते पुढं लिहिते, आत्ता लिहिलं तर हात थांबेल. तिचा आवाज ऐकून सगळ्यात आधी चाची धावत आली, मग बोळातल्या बायका. तुम्ही परत आलात तोवर तिला आत निजवलं होतं. पहाटेला बाळ झालं. मुलगा. तो रडलाच नाही.

आणि तुम्ही काय केलंत? तिसऱ्या दिवशी तुम्ही बाळंतिणीच्या आहाराचं पान शोधत होता. मी तुमच्यासमोर उभी होते आणि तुमची बोटं पानं उलटत होती. त्या क्षणी मला तुमची जी किळस आली, ती पुढं तुमच्या पायावर डोकं ठेवतानासुद्धा गेली नाही. तेवढ्यात चाची आली. या वेळी तिनं तुम्हाला विचारलंच नाही. थेट आमच्या चुलीपाशी बसली, निखारे पुढे ओढले, पदराखालून पानात गुंडाळलेलं काळीज काढलं, मीठ-मिरी लावून भाजलं आणि आईच्या तोंडात एकेक तुकडा घातला. तुम्ही दारात उभे होता. तुमच्या घरात मटणाचा वास सुटला होता. चाची रोज आली. सोबत शेवग्याचा पाला लसणावर परतून भाकरीबरोबर द्यायची. आठवड्याभरानं सांजेला आई अंथरुणावरून मला म्हणाली, ‘चुलीम्होरं पीठ सांडलंय बग, भरून घे.’ मी वळून पाहिलं. खरंच सांडलं होतं.

आता तरी तुम्ही बोळाच्या तोंडापर्यंत जाल आणि चाचीला हात जोडाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही पुण्याला कार्ड टाकलंत! ‘रातांधळेपणावर बकऱ्याचे यकृत व शेवग्याचा पाला गुणकारी आढळले आहेत, तरी पुढील आवृत्तीत समावेश व्हावा.’ कार्ड मीच पेटीत टाकलं, म्हणून वाचलं. खाली लिहिलं होतं, ‘एका अनुभवी स्त्रीकडून समजले.’ तिचं नाव नाही, गावही नाही. उत्तर अर्थातच आलं नाही. चाचीला स्वतःला वाचता येत नव्हतं, हेच बरं.

पुढं मी शिकले, नोकरी केली, दुसऱ्यांच्या पोरींना स्वयंपाक शिकवला. शाळेच्या कपाटात साठ-सत्तर पुस्तकं होती. मी ती पोरींना क्वचितच दाखवली. सुट्टीत शिराळ्याला जायची, कवठे महांकाळला जायची आणि म्हाताऱ्यांच्या चुलीपाशी बसून विचारायची, दुष्काळात काय खाल्लं, बाळंतपणात काय दिलं, पोराला खरूज झाली तेव्हा काय बंद केलं. त्यांचं बोलणं वहीत उतरवायची आणि प्रत्येकीचं नाव लिहायची. लोक म्हणायचे, बाईंना केवढी आवड. आवड कसली? तुमच्यावरचा राग होता तो. एकेक नाव लिहिताना मी तुम्हालाच सुनावत होते.

पण एक प्रसंग आहे, तो मी त्या वहीत लिहिला नाही आणि आईजवळही कधी काढला नाही. आई उठून बसायला लागली तेव्हा मामा रजेवर आला. पलटणीत तो लांगरी होता, शेकडो शिपायांना जेवू घालणारा. आल्या आल्या बहिणीचा चेहरा बघून त्याचे डोळे भरले. तो तुमच्यासमोर उभा राहून ओरडला, ‘आमच्या पलटनीत पोरांस्नी आसंच व्हतं, तवा डाक्टरसाब कलेजी घालाय सांगतो. ह्ये मला ठावं हाय आन् शिकल्याल्या माणसाला ठावं न्हाई? आन् दाजी, ती पडली तवा तुमी कुठं व्हता? तिनं हाक न्हाई मारली?’

तुम्ही खाली बघत होता. म्हणालात, ‘मारली. मी वाचत बसलो होतो. मला ऐकू आली होती. उठलो नाही.’

मामानं तुमच्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेनं दुसरा माणूस गाव सोडून गेला असता. त्यानंतर तो आमच्या घरी जेवला नाही, तुम्ही मेलात तरी आला नाही. आईच्या माहेरी तुमचं नाव तेव्हापासून ‘वाचणारा’ असं पडलं. तुम्ही ते वीस वर्षं ऐकून घेतलंत.

आबा, त्या संध्याकाळी तुम्ही घरात नव्हता. शाळेचं टपाल द्यायला गेला होता. घरातला एकुलता एक कंदील घेऊन ओसरीवर मी बसले होते. श्रीमंत बाईंचं पुस्तक माझ्या मांडीवर होतं, बासुंदीचं पान. त्या पुस्तकाला मी आईबरोबर हसायची, पण एकटी असताना ती पानं मला फार आवडायची. बासुंदी मी कधी खाल्ली नव्हती. आईनं हाक मारली. मी ‘आले’ म्हणाले आणि पान पुरतं वाचलं. तिनं पुन्हा हाक मारली नाही, एकटीच निघाली. तुम्ही आलात तेव्हा बायका आत होत्या आणि ओसरीवर जळत्या कंदिलाशेजारी ते पुस्तक उघडंच पडलं होतं. तुम्ही ते पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. पुस्तक मिटलंत, काखेत घातलंत, कंदील उचललात आणि आत गेलात. त्यावर तुम्ही मला त्या दिवशी काही विचारलं नाहीत, नंतरही कधी विचारलं नाहीत, आणि माझं ‘आले’ ऐकलेल्या आईनंही मामाला कधी खरं सांगितलं नाही.

तुम्ही मूर्ख होता, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. आईचे डोळे तुमच्या पुस्तकांनीच नेले होते. पण मामासमोर तुम्ही खोटं बोललात तेव्हा मी दाराआड होते, आणि मला हायसं वाटलं होतं. हे कागद मी कुठं पाठवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. एवढंच की हे शेवटचं पान मी आधी दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा ओसरीवर बसलेली मी नव्हते, तुम्हीच होता.