कोकिळाताईची चौदा कुत्री

९ डिसेंबर
चौदा. दोनदा मोजली.
एका भाकरीवरून लंगड्यानं काळूचा कान मुळापासून तोडला. सोडवायला कोकिळाताई मध्ये पडली, तर तिच्या मनगटात दात घुसले. मी लंगड्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं — जबडा उघडेपर्यंत हाणलं. ताई रागावली ती माझ्यावरच!

१० डिसेंबर
कुत्र्यांनी शेजारच्या रामधनकाकांची गाभण बकरी फाडली. आतडी आमच्या फाटकापर्यंत ओढत आणली होती. काका कुऱ्हाड घेऊन आले. सोमवारपर्यंत कुत्री हलव, नाही तर एकेक तोडतो, म्हणाले. ताई उंबऱ्यावर आडवी बसली.
"पयले मले तोडा, काका."
काका थुंकून गेले.

११ डिसेंबर
ताईला विचारलं, आपल्या दोघांचंच भागत नाही, मग चौदा कायले? ती काळूच्या कानाच्या जखमेत हळद भरत होती. म्हणाली, लोक रात्री पोत्यात बांधून फाटकाशी टाकून जातात, मी नाही म्हटलं तर कुठं जातील? मग खाली बघतच बोलली,
"मलेबी असंच आणून टाकलं होतं ना इथं. बाबानं घेतलंच ना घरात."
नवऱ्यानं तिला मोटरसायकलवरून आणलं होतं. दोन दात पडलेले, सोबत एक पिशवी. मी तेव्हा सातवीत होतो. विसरलो नव्हतो, पण लिहिलं कधीच नव्हतं.

१२ डिसेंबर
ठरवलं. शनिवारी कापसाची गाडी येईल. तिच्यातच दहा कुत्री घालून दारव्ह्याला सोडायची, चार ताईजवळ राहतील. ताईला सांगायचं नाही.

१३ डिसेंबर
पांढरी कुत्री भाकरीला आली नाही. कापसाच्या खोलीच्या खिडकीत दिसली, ती धरून चौदा.

१४ डिसेंबर, शनिवार
घडलं ते नीट लिहितो.
खोलीतला कापूस मजूर पाट्यांनी गाडीत ओतत होते, मी वर उभा राहून तुडवत होतो. पायाखाली मऊ लागलं. ओला गोळा वाटला. जोर देऊन दाबला. पुन्हा दाबला. मग कापूस लाल झाला.
पांढरी त्या ढिगात व्याली होती. मी तिला रोज मोजत होतो, तिचं पोट पाहिलं नव्हतं.
तिनं गाडीत उडी मारून माझी पोटरी धरली. ड्रायव्हरनं लोखंडी गजानं तिचं डोकं फोडलं. तीन घावांत ती संपली. ताई गाडीवर चढली आणि कापूस उपसत राहिली. एक, दोन, तीन, चार पिल्लं, चारही मेलेली. ओटीत घेऊन खाली उतरली.
दहातलं एकही गाडीत घातलं नाही.

१५ डिसेंबर
पोटरीला सात टाके. खोलीच्या कोपऱ्यात उरलेला कापूस हलला.

१६ डिसेंबर, सोमवार
रामधनकाका फाटकाशी आलेत, हातात कुऱ्हाड. मी उंबऱ्यावर आडवा बसून हे लिहितोय.
चौदा. दोनदा मोजली. चौदावं, पांढरीचं उरलेलं पिल्लू, माझ्या शर्टात आहे.