दिवसाआड, अकरा वाजता

३१ जानेवारी १९८३, सोमवार

मिळाली! बालवाडी मिळाली एकदाची.

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नांदेडहून माझी उचलबांगडी झाली, त्याला पाच महिने झाले. हे तिकडं माहूरला शाळेवर. मी इथं पाणीटंचाई शाखेत टायपिस्ट. आणि मधे ही साडेतीन वर्षांची गौतमी! सांभाळायला बाई ठेवली, ती आठव्या दिवशी गावी गेली ती गेलीच. मोठ्या शाळेत पाच वर्षं पूर्ण लागतात. घरमालकीण जगदेवीबाईंनी दोन महिने ओढले, मग हात जोडले — "बाई, तुमची पोरगी पळतीय, ह्या गुडघ्यांनी मी कुठवर पळू?"

शिवकांताबाईंची बालवाडी मठाच्या मागच्या गल्लीत, त्यांच्याच ओसरीवर. पंधरा-वीस पोरं. बाई विधवा, पंचेचाळिशीच्या, कपाळावर भस्माची बोटं. घरात अंथरुणाला खिळलेली आई, शरणम्मा — तिला कानडीशिवाय काही येत नाही. बालवाडी दहा ते एक, पण गौतमीला साडेपाचपर्यंत ठेवून घेते म्हणाल्या.

नाव लिहून घेताना मी आडनाव सांगितलं — हनमंते. आणि वाट बघत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवती का नीट?"

२ फेब्रुवारी

डब्याबरोबर गौतमीचा वेगळा स्टीलचा गिलास दिला होता. माझी आई मला शाळेत असाच गिलास देऊन पाठवायची. कुणी मागायच्या आत आपणच द्यायचा, म्हणजे ऐकून घ्यावं लागत नाही. सवय जात नाही.

शिवकांताबाई म्हणाल्या, "गिलास कशाला लावून दिलाव? हितं का गिलास न्हाईत?" आणि तो आपल्या फळीवर, आपल्या भांड्यांत ठेवून दिला. गौतमी सांगते, अव्वा — म्हणजे ती म्हातारी — माझ्याच गिलासानं पाणी पिते!

रात्री उगीच रडू आलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज एक लबाडी केली.

टँकरचा नवा तक्ता टाईप करायला आला. दिवसाआड एक फेरी. कच्च्या यादीत सकाळी सातला घर क्र. २१० ते २६०, पूर्वीपासूनचंच. आणि अकराला आमची ओळ, ४०१ ते ४४०. अकराला मी ऑफिसात! अख्खा जानेवारी जगदेवीबाईंनी भरून ठेवलेल्या दोन घागरींवर काढला. टाईप करता करता वरची ओळ खाली घेतली, खालची वर. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

कुणाचं काय बिघडणार आहे? तिकडच्या बायका असतील घरीच.

७ फेब्रुवारी

सकाळी सातला पाणी! दोन हंडे, चार घागरी. गौतमीला डोक्यावरून अंघोळ घातली. किती दिवसांनी!

११ फेब्रुवारी

सोमवारी झालं तेव्हा म्हटलं, असेल काही अडचण. बुधवारी तेच. आज पुन्हा! दहाला सोडून आले, सव्वाअकराला गौतमी ऑफिसच्या पायरीवर. गल्लीतली एक मुलगी आणून सोडते आणि पळते. "बालवाडी सुटली" — सव्वाअकराला! मग ती दिवसभर माझ्या टेबलाखाली. रद्दी कार्बनवर रेघोट्या मारते, हात काळे, तोंड काळं.

एक दिवस चालू, एक दिवस बंद. बालवाडी आहे का हिवताप?

१४ फेब्रुवारी

जाब विचारला. शिवकांताबाई म्हणाल्या, "पाणी यायलंय बाई, काय करू? घरात तिसरं माणूस न्हाई. अव्वाचं सगळं जागेवर करावं लागतंय, पाण्याबगर कसं होईल?"

मी म्हटलं, "पाणी मलाही लागतं. मी पहाटे उठून भरते ना! नोकरीसुद्धा करते!"

"नशीबवान हाव," एवढंच म्हणाल्या. मला ते टोमण्यासारखं लागलं. अजून लागतंय.

१८ फेब्रुवारी

गौतमी घरात बालवाडी खेळत होती. डबे ओळीनं मांडले, हात जोडून प्रार्थना, मग एकदम टाळी वाजवून ओरडली — "नीर बंतु! नीर बंतु! चला घरी!" आणि सगळे डबे उचलून कोपऱ्यात. जगदेवीबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, पाणी आलं म्हणतीय कानडीत.

मला हसू आलं नाही. तीन आठवड्यांत एक गाणं शिकली नाही पोर. शिकली काय, तर पाणी आलं, चला घरी!

२५ फेब्रुवारी

साहेब आज सगळ्यांसमोर — "हनमंते बाई, हे ऑफिस आहे का पाळणाघर?" सगळे खाली बघून हसले. गौतमीही हसली, तिला वाटलं तिच्याशीच खेळतायत.

संध्याकाळी शिवकांताबाईंना तोडून बोलले. "काहीही करा, पण तिला ऑफिसात पाठवू नका. माझी नोकरी जाईल!" त्यांनी गौतमीचा डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "बरं. ठेवून घेते. बाकीची पोरं पाठवीन, हिला ठेवून घेते."

असं आधीच का नाही केलं?

३ मार्च

ऑफिसात एक अर्ज आला. शाईनं लिहिलेला, खाली अंगठेच अंगठे. विषय — 'घर क्र. २१० ते २६० पाण्याची वेळ पूर्ववत सातची करणेबाबत'. साहेबांनी वाचला तर कच्ची यादी मागवतील, मग माझी अदलाबदल बाहेर येईल. पुढं एक अक्षर वाचलं नाही. वर शेरा मारला, 'दप्तरी दाखल', आणि कपाटात खालच्या खणात सारला.

दुसऱ्या खेपेला करून देऊ काहीतरी.

९ मार्च, बुधवार

गौतमीला मांडीवरून उतरवलं नाही अजून.

दुपारच्या सुट्टीत का कोण जाणे, वाटलं बघून यावं. गेले तर बाहेरून कुलूप! आतून गौतमीचा आवाज. हाका मारल्या तर दाराच्या फटीतून बोटं बाहेर काढली तिनं. म्हणते, "आई, नीर बंतु. शिवक्का गेली." आत ती आणि अंथरुणावरची म्हातारी. बाहेर कुलूप!! आग लागली असती तर? विंचू-काटा? पोरीनं म्हातारीच्या औषधाची बाटली तोंडाला लावली असती तर?

पाऊण तास दारात उभी. मग शिवकांताबाई आल्या, डोक्यावर हंडा, कमरेला घागर, पदर ओला. माझ्याकडं बघून घागर तशीच खाली ठेवली.

"रस्त्यावर पळती म्हून लावलं कुलूप. आज टँकर दोन तास उशिरा आला, मागं सरत येत होता बाई, डायवर बघत न्हाई—"

मी ऐकून घेतलं नाही. काय काय बोलले ते लिहवत नाही. गौतमी भाजलेली ज्वारी खात होती, मुठीतली मला देत होती.

११ मार्च

निनावी अर्ज टाईप केला. जी संस्था त्या बालवाडीला अनुदान देते, तिच्या नावानं. 'सदर बाई लहान बालकांना घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून निघून जातात. बालवाडी वारंवार वेळेआधी बंद होते.' एक शब्दही खोटा नाही. पोस्टात टाकला.

२८ मार्च

तपासणीला बाई आल्या होत्या म्हणे. अनुदान बंद. बालवाडी बंद.

बरं वाटलं का? वाटलं थोडं. आणि लगेच — उद्या काय?

६ एप्रिल

चार दिवस रजा. चार दिवस टेबलाखाली. कालची अर्धी रजा साहेबांनी नामंजूर केली. जगदेवीबाईंच्या ओसरीवर बांधून ठेवल्यासारखी बसते पोर. "शिवक्काकडं जायचं" — सकाळ-संध्याकाळ हेच. म्हटलं, शिवक्का गेली गावाला. खोटं बोलले.

ह्यांचं पत्र. 'आईकडे बिलोलीला ठेवू. दुसरा मार्ग दिसत नाही. तू मन घट्ट कर.' मनाचं काय, ते काय हंडा आहे घट्ट झाकण लावायला!

१५ एप्रिल, बिलोलीहून परत

जयंतीला गेले होते, ठेवून आले.

जाताना नांदेडच्या पुलावर बस थांबली. खाली गोदावरी, नुसते डबके-डबके, पण गौतमीनं एवढं पाणी इथं आल्यापासून पाहिलंच नव्हतं. खिडकीतून ओरडली, "आई, हे नीर शिवक्काला नेऊ!" बसमधले सगळे वळून बघायला लागले. मी तिचं तोंड पदरानं पुसत बसले, काही लागलेलं नव्हतं तरी.

सासूबाईंनी नवा फ्रॉक शिवून ठेवला होता. निळा. वस्तीत मिरवणूक, ढोल, पोरगी आजीच्या कडेवर खूश. आज पहाटे ती झोपेत असताना निघाले. सासूबाई म्हणाल्या, "उठवू नको. उठली की न्हाई सोडायची तुला." दार ओढून घेताना तिनं कूस बदलली. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.

१६ एप्रिल

सकाळी सातला पाणी आलं. एकटीला एवढं काय करायचंय?

२ मे

बिलोलीचं पत्र, शेजारच्या कुणीतरी लिहून दिलेलं. 'गौतमी मजेत आहे. आता रडत नाही. नागुबाईंना आई म्हणते. गिलास मागते, तेवढा धाडून देणे.'

दुसरं वाक्य वाचून बरं वाटायला हवं. आणि तिसरं? नागुबाई म्हणजे माझ्या सासूबाई. असू दे. म्हणू दे. तिला कुणाला तरी म्हणावं लागणारच.

९ मे, सोमवार

गिलास आणायला गेले. जायची हिंमत होत नव्हती, पण पोरीनं दुसरं काही मागितलंच नाही.

शिवकांताबाई बोचकी बांधत होत्या. उदगीरला भावाकडं चालल्यात, म्हातारीला घेऊन. अनुदान गेल्यावर इथं राहून करायचं काय? मला बघून रागावल्या नाहीत. "या," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दाराच्या चौकटीवर पत्र्याची पाटी. इतके दिवस त्या दारात उभी राहिले आणि कधी वर बघितलं नव्हतं. २२८.

दोनशे अठ्ठावीस.

पाटीखाली भिंतीला तक्ता चिकटवलेला — मी टाईप केलेला. २१० ते २६०, सकाळी अकरा. मला नुसते आकडे माहीत होते. रोज आकडे टाईप करते, पण कुठल्या आकड्यात कोण राहतं, हे एकदाही विचारलं नाही. मठाच्या मागची गल्ली म्हणजेच २१० ते २६०! माझी पोर ज्या घरात ठेवली होती, त्या घराचं सातचं पाणी मी अकराला नेलं. त्या पाण्यासाठी बालवाडी सुटायची. त्या पाण्यासाठी कुलूप लागलं. आणि कुलपासाठी मी—

म्हातारीनं आतून काहीतरी विचारलं. शिवकांताबाई म्हणाल्या, "पोरगी कुठंय, इचारतीय. रोज इचारतीय." मी सांगितलं, आजीकडं आहे, मजेत आहे. त्यांनी ते कानडीत सांगितलं.

गिलास फळीवरच होता. चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"आधी सातलाच यायचं बघा पाणी," गिलास कागदात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या. "पोरं यायच्या आधी सगळं भरून व्हायचं. मग कुणी अकरा केलं, काय म्हाईत. आम्ही बायांनी अर्ज दिलता तुमच्या ऑफिसात. मीच लिवला. उत्तरच न्हाई आलं. आता काय उपेग? तरी गल्लीतल्या बाकीच्या बायांसाठी म्हून बघा, जमलं तर."

"बघते," म्हटलं. सांगायचं होतं. दारात चपला घालून दोन मिनिटं उभी राहिले, आणि आले निघून. भित्री! आयुष्यभराची भित्री मी.

१० मे

खालच्या खणातून अर्ज काढला. वर माझ्या अक्षरात 'दप्तरी दाखल'. खाली अठरा अंगठे आणि एक सही. आज पहिल्यांदा पुढं वाचला.

'...तरी वेळ सातची करावी. आपल्याच ऑफिसातील एका बाईंचे लेकरू माझ्याकडे असते. त्यांना इथे कोणी नाही. बालवाडी सुटली की त्यांचे फार हाल होतात. बाकी कोणासाठी नाही तर त्यांच्यासाठी तरी करावी, ही विनंती.'