तीन नळ्यांमधलं रक्त

प्रिय हिस्के,

काल तू फोन आपटलास, म्हणून हे लिहितेय. मला लिहायचा किती कंटाळा ते तुला माहीत आहे. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर पेन धरलं ते गायींचे नंबर लिहायला. तू म्हणालीस, "आई, रक्तात ते प्रथिन वाढलं की जनावराच्या आत कुठेतरी सूज आहे, असं मी प्रबंधात छातीठोक लिहिलंय. आणि तुझ्याच गोठ्यातल्या तिघींचं वाढलं, पण आजारी पडली एकच! सर म्हणतात, चाचणीच खोटी. शुक्रवारी परीक्षकांसमोर काय तोंड दाखवू? चार वर्षं पाण्यात. मी माघार घेतेय." मी नुसतं "हं" म्हटलं. तुझा बाप समोरच कॉफी पीत बसला होता.

तुझ्या चाचणीसाठी रक्त काढायचा तो मे महिन्यातला दिवस आठव. डॉक्टर शेपटीखालून रक्त काढायला शिकवून गेले होते. तुमच्या प्रयोगशाळेचा माणूस अकराला नळ्या न्यायला येणार, आणि कापलेलं गवत शेतात पसरलेलं, वर आभाळ भरून आलेलं. तुझा बाप ट्रॅक्टरवरून ओरडत होता, "अगं, गायींचं रक्त मागाहून पी, आधी गवत उचलायला ये!" अडतीस गायी झाल्या. उरल्या त्या दोन नव्या कालवडी. एकीने माझ्या मांडीवर लाथ घातली, दुसरी कठड्याला अंग घासत नुसती थयथयाट करत होती.

मग तुझा फोन आला, की आपल्या दाउत्सेन गायीचं आणि त्या दोन कालवडींचं प्रथिन खूप वाढलंय, आकडेही जवळजवळ सारखेच, नीट लक्ष ठेव. डॉक्टर येऊन गेले. तिघींना ताप नाही, दाउत्सेनचं दूध नेहमीसारखं. मी म्हटलं, पोरीची चाचणी गायींपेक्षा नाजूक दिसतेय. सहाव्या दिवशी दाउत्सेनने खाणं सोडलं, पाठीची कमान करून उभी राहिली. डॉक्टरांनी कुशीला चीर देऊन पाहिलं, तर पोटात बोटभर तार, आणि भोवती सगळा पू. नाही वाचली. गिळलेलं लोखंड पोटात धरून ठेवतो तो चुंबक तिला आधीच गिळवायला हवा होता, तेवढंही माझ्याकडून झालं नाही. त्या दोन कालवडी आजही धडधाकट आहेत, आजही लाथा मारतात.

त्या आजारी पडणार कशा? त्यांचं रक्त मी काढलंच नव्हतं. दाउत्सेन खांबासारखी उभी राहायची, म्हणून तिन्ही नळ्या तिच्याच भरल्या आणि त्यातल्या दोन नळ्यांवर कालवडींचे नंबर चिकटवले. रक्त ते रक्त, म्हटलं. तुझी चाचणी तीनदा खरं बोलली, एकाच गायीबद्दल. आणि तुझा फोन आला तेव्हा मला कळलं होतं की दुखणं कुणाचं आहे. तरी लाजेपायी डॉक्टरांना तिलाच नीट तपासायला सांगितलं नाही. उरलेलं रक्त तुमच्याकडे बर्फात आहे ना? तपासून बघ, तिन्ही एकाच जनावराचं निघेल. माघार घेऊ नकोस. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येते. दारात उभी राहीन. बोलावलंस तर आत येऊन त्या शिकलेल्या लोकांना सांगेन की खोटं मी बोलले. नाही बोलावलंस, तर तशीच परत जाईन.

तुझीच,
आई