काठ्यांची पलटण

बाबा, काल कुहीच्या चौकात तुमच्यावर बोललो. माणसं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात.

पहिल्या महायुद्धात तुम्ही शिपाई म्हणून लढून आलात आणि सरकारनं अस्पृश्यांची पलटणच मोडून टाकली. गोळी खायला जो माणूस चालला, तो शांततेत चालेना! तुम्ही मजुरीला लागलात. पण रोज सकाळी कामावर जाण्याआधी वस्तीतल्या तरण्या पोरांच्या खांद्यावर काठ्या देऊन कवायत घेत राहिलात. एकदोन नव्हे, वीस वर्षं. जाणारेयेणारे हसत. "काहून गा लाटसाहेब, कोणत्या राजाची फौज उभी करून राहिला?" तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "हळू बोल. माह्या पोट्ट्यांचा पाय चुकते."

दुसरं युद्ध पेटलं, आपल्या लोकांची भरती पुन्हा उघडली. तुम्हीही पुन्हा नाव नोंदवलंत. नागपूरच्या मैदानावर आमची रांग उभी आहे. नजर अधू म्हणून मला नंतर परत पाठवलं, पण त्या घडीला मीही रांगेत आहे. गोरा अधिकारी हुकूम देतो, सगळे एका टाचेवर वळतात. तो चकित होऊन विचारतो, ही कोणती पलटण? तुम्ही म्हणता, "तुम्ही मोडलेली, साहेब."

ब्रह्मदेशातून तुम्ही सुभेदार-मेजर होऊन आलात, निवृत्त झालात मानद कॅप्टन म्हणून. ज्या चावडीच्या पायरीखाली तुम्हाला उभं करत, तिथले पाटील उठून म्हणाले, "कॅप्टनसाहेब, बसा." तुम्ही आधी सोबतच्या जवानांना बसवलंत, मग बसलात.

आणि मी? चार पुस्तकं वाचून नागपुरात लकडगंजच्या सभेत गरजलो, "परक्या राजाची वर्दी घालणारे सारे बक्षीस मिळवलेले गुलाम!" तुम्ही पहिल्या रांगेत होतात. घरी जेवताना शांतपणे म्हणालात, "बोलला बेस गा. राजा परका होता, कबूल. पण गावानं तरी आपल्याले कधी आपलं म्हटलं होतं?" मी ताटावरून उठलो. त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात.

काल, गुलाम म्हणणाऱ्याला तुम्ही दिलेलं तेच उत्तर मी जसंच्या तसं ऐकवलं. ओरडून सांगितलं, मोडलेली पलटण ज्यानं काठ्यांवर जिवंत ठेवली, तो गुलाम नव्हे, सेनापती! त्यावरच तर लोक उठले.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून पुढचं लिहितो. टाळ्या ओसरल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कॅप्टनसाहेबाले गुलाम म्हणणारा तो शहाणा कोण होता गा?"

"होता एक नागपूरचा वक्ता," मी म्हणालो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.