व्याह्यांबरोबर तीन मैदानं

दि. १९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे व्याही खुशाल आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याची ती जुनी खोड आहे. तुझ्या आईला रोज फोन होतो, तेव्हा माझी हालहवाल तुला कळतच असेल. तरी पत्र मुद्दाम लिहितोय. फोनवर माझं अर्धं वाक्य तूच पुरं करतेस आणि ते भलतंच निघतं.

आमच्या गोल्फच्या सहलीतलं पहिलं मैदान समुद्राला लागून होतं. वारा असा की मारलेला चेंडू काहीतरी विसरल्यासारखा माघारी यायचा. तुझ्या सासऱ्यांना मात्र त्याचं काही नाही. जन्मभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना भूल देत आले, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. चेंडूसमोर इतका वेळ उभे राहतात की मागून येणारे खेळाडू जांभया देतात. मग हलकेच मारतात आणि चेंडू निमूट सरळ जातो. मी आयुष्यभर पूल बांधले, पण पाणी दिसलं की माझा चेंडू नेमका त्यातच. डॉक्टर त्यावर हसले नाहीत. एरवी हसले असते.

दुसरं मैदान डोंगरावर. चढउतार इतका की खेळण्यापेक्षा चालणंच जास्त. गवत ओलं होतं, माझ्या बुटांचा पार लगदा झाला. सकाळी उठून पाहतो तर डॉक्टरांनी त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते खिडकीत वाळत ठेवलेले. मला ते मुळीच आवडलं नाही. ज्याच्यावर मनातून रागावून बसायचं ठरवलंय, त्यानेच आपले बूट वाळवायचे म्हणजे पंचाईत.

हो, रागावलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी तू सांगितलंस की तुम्ही दोघं वेगळे होताय, सगळं ठरलंय, आणि डॉक्टरांकडे एवढ्यात बोलू नका, त्यांचा मुलगा स्वतः सांगेल. मी बरं म्हणालो. पण मनात धरून बसलो होतो की तिसऱ्या मैदानापर्यंत धीर धरायचा, आणि मग डॉक्टरांना बाजूला घेऊन त्यांच्या मुलाचा हिशोब विचारायचा. त्यांना काही माहीत नाही असं मी समजत होतो. त्यांच्या ताटात वाढताना, त्यांची पिशवी गाडीत ठेवताना, सारखं वाटायचं, बिचाऱ्याला पत्ताच नाही.

तिसरं मैदान तळ्याकाठी, सपाट, छान राखलेलं. तिथे एक निवृत्त शाळामास्तरीण एकट्याच आल्या होत्या, त्यांना आमच्याबरोबर जोडून दिलं. बाई बोलक्या. तुम्ही दोघं भाऊ का, म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, व्याही आहोत. बाईंना फारच कौतुक वाटलं. व्याही-व्याही एकत्र फिरतात म्हणजे नवलच म्हणाल्या, आणि सहज विचारलं,

“मग मुलं कशी आहेत?”

“मजेत,” आम्ही दोघंही म्हणालो.

एकदम. एका सुरात. शाळेतल्या पोरांसारखं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. बाई पुढे होऊन चेंडू मारायला उभ्या राहिल्या आणि आम्ही मागे बाकावर बसलो.

“तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना त्याच्याही आधी कळलं होतं, मुलाने सांगितलं होतं. “बोललो असतो तर तुम्ही आला नसता,” म्हणाले.

ठकू, मी इतकं काही पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. शेवटी निघालं ते तू नको म्हणाली असतीस तेच. म्हटलं, आपण दोघं थोरले आहोत, दोघांना समोर बसवू, समजावू. अजून उशीर झालेला नाही.

डॉक्टर बराच वेळ हातमोजा काढत आणि घालत राहिले.

“टेबलावर पेशंट जागा व्हायला लागला की मी त्याला पुन्हा झोपवत असे. ते माझं काम होतं. पण ही दोघं विचार करून जागी झालीत. यांना पुन्हा झोपवायला मला सांगू नका.”

मग म्हणाले, मुलगा माझा आहे, त्याला मी टाकणार नाही. पण तुमच्या मुलीने घरात मनातलं किती गिळलं ते जेवणाच्या टेबलावर मला दिसत होतं, आणि मी मीठ पुढे सरकवत राहिलो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिकडून बाईंनी हाक मारली की पाळी तुमची, म्हणून दोघं उठलो. माझा चेंडू तळ्यात गेला, त्यांचाही गेला. बाई जिंकल्या.

तेव्हा समजूत घालायला आम्ही कुणी येणार नाही. तू जे ठरवलंस ते कर. आईला मी सांगेन, तिची रडारड माझ्याकडे राहू दे. घरी यायचं तेव्हा आधी कळवायची गरज नाही, आणि राहायचं किती ते विचारणार नाही. एकच सांगतो. डॉक्टरांबरोबर पुढच्या वर्षी उत्तरेकडची दोन मैदानं ठरवली आहेत. कागदावर आमचं नातं काय उरेल कोण जाणे, पण भिडू म्हणून मी त्यांना सोडणार नाही. तुला त्रास होणार असेल तर सरळ सांग. ऐकून घेईन. जाईन मात्र.

खाली थोडी जागा सोडली आहे. डॉक्टरांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

तुझ्या बाजूचा,
अप्पा

ठकू,
अप्पांनी पत्र वाचू दिलं नाही, वरचा भाग हाताने झाकून धरलाय. तेव्हा त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. सहीच्या जागी ‘बाबा’ लिहावं की नाही ते मला ठरवता येईना, म्हणून काहीच लिहीत नाही. तू फोन करत जा. हाक कुठलीही मार, मी ओ देईन.